राशीखालची ओल: जुन्या डिझेल पिकअपच्या इंधनवाटेचा इतिहास

दिघ्यात इलठणपाड्याकडे ब्रिटिश काळात रेल्वेने बांधलेलं एक धरण आहे. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं असायचं, म्हणून ते बांधलं. तिथून खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरलं की एमआयडीसीचा पट्टा लागतो, आणि त्याच्या कडेकडेने गॅरेजं. इथल्या इंजिनांचं नेमकं उलटं आहे. इंधनात पाण्याचे थोडे थेंब मिसळले तरी ती अडून बसतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या मामूंची पिकअप अशीच अडली आणि तिच्या निमित्ताने मी हा इतिहास वाचायला बसलो.

गाडी 1990 च्या दशकातली. मामू तिच्यातून भाजीचे क्रेट वाहतात. चढावर ती दम टाकू लागली, सकाळी स्टार्ट होताना पांढरा धूर ओकू लागली. आधी ज्या गॅरेजात दाखवली तिथे काहीही न उघडता निकाल मिळाला: पंप गेला. खर्च ऐकून मामू गाडी भंगारात काढायच्या तयारीला लागले. ती गाडी म्हणजे त्यांच्या घराची चूल, हे वेगळं सांगायला नको.

दिघ्याच्या उस्तादांनी पंपाला हातच लावला नाही. फिल्टरच्या तळाचा बोल्ट ढिला केला, खाली काचेची बाटली धरली आणि भरलेली बाटली ओट्यावर ठेवून दिली. पाच मिनिटांनी त्यात दोन थर दिसू लागले. वर पिवळसर डिझेल, खाली पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. उस्ताद म्हणाले, ‘ऊपर से तो सब साफ ही दिखता है. नीचे देखो.’

ते वाक्य ऐकताना मला एक हदीस आठवली. सहीह मुस्लिममधली ही रिवायत आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात किंवा जुम्याच्या बयानात ऐकलेली असते. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत हात घालतात. बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो की पाऊस पडला होता. त्यावर प्रेषित त्याला विचारतात की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावतात. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पाऊस पडणं हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओल राशीखाली दडवणं हा गुन्हा होता.

आता इंजिनाकडे येऊ. रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं. पण इंधन सिलिंडरमध्ये ढकलायला त्याला दाबलेली हवा लागायची आणि त्या हवेसाठी वेगळा काँप्रेसर. असं अवजड यंत्र कारखान्यात आणि जहाजावर चालून गेलं, मालगाडीवर ते कसं बसणार? हवेवाचून, नुसत्या द्रवाच्या दाबाने, मोजून मापून इंधन सोडणारा लहान पंप हवा होता. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने 1922 मध्ये या कामाला हात घातला आणि 1927 मध्ये असे पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागले. त्यानंतरच डिझेल ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. भारतात 1951 मध्ये बॉशच्या सहकार्याने मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको, सुरू झाली. पुढे नाशिकच्या सातपूरमध्येही तिचा कारखाना आला आणि तिथे नोझल आणि इंजेक्टर बनू लागले. नाशिककर आजही ‘मायको सर्कल’ म्हणतात. कंपनीचं नाव 2008 पासून बॉश झालं, तरी जुने मिस्त्री पंपाला ‘मायकोचा पंप’च म्हणतात.

जुन्या पिकअपमधली इंधनाची वाट समजायला सोपी आहे. टाकीतून डिझेल खेचतो तो फीड पंप. त्याच्यावरच हाताने दाबायचा प्रायमर असतो. तिथून डिझेल फिल्टरमध्ये जातं, कित्येक गाड्यांत एकापाठोपाठ दोन फिल्टरमधून. मग मुख्य पंप, पंपातून निघालेले जाड भिंतीचे लोखंडी पाइप आणि शेवटी इंजेक्टर. जास्तीचं डिझेल बारीक नळीने टाकीकडे परत फिरतं. ही नळी लोक विसरतात, पण इंजेक्टर थकला की सगळ्यात आधी तीच बोलते. तिच्यातून परत येणारं डिझेल वाढतं.

मुख्य पंपाची जी जुनी रांगेची जात आहे, तिच्यात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी दांडी आणि तिचं नळकांडं असतं. मिस्त्री या जोडीला एलिमेंट म्हणतात. दांडीचा वर-खाली प्रवास कायम तेवढाच. तिच्या अंगावर एक तिरकी खाच कापलेली असते. आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की दांडी जराशी फिरते, खाच वेगळ्या जागी येते आणि इंधन कमी-जास्त सुटतं. मापाची सगळी करामत त्या तिरक्या खाचेत आहे. दांडी आणि नळकांड्यातली फट किती असेल? मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. माणसाचा केस त्याच्या वीसपट तरी जाड भरेल. या दोघांना एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं, म्हणून एका जोडीतली दांडी दुसऱ्या नळकांड्यात चालत नाही. इंजेक्टरचं नोझल उघडायलाच वातावरणाच्या शंभर ते दोनशेपट किंवा त्याहूनही अधिक दाब लागतो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला हजार वेळा फवारा मारतो.

आणि या सगळ्याला वंगण कशाचं? खुद्द डिझेलचंच. एलिमेंटला वेगळं तेल मिळत नाही. वाहणारं इंधनच त्याला झिजण्यापासून वाचवतं. म्हणून पाणी शिरलं की दांडी गंजते, आणि रॉकेल शिरलं की ती कोरडी घासते. रॉकेल पाण्यासारखं खाली बसत नाही. ते डिझेलमध्ये पूर्ण मिसळतं, इंजिन त्यावर चालतंही, आणि बाटलीत दोन थर दिसत नाहीत. ही ओल राशीखाली नसते, दाण्यादाण्यात असते. ती कळते फार उशिरा, पंप उघडून दांडीवरच्या चकचकीत ओरखड्यांवर नख फिरवलं तेव्हा.

आपल्या राज्यात या ओरखड्यांच्या मागे मोठा धंदा होता. रेशनवरचं रॉकेल गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त ठेवलेलं. ओळखू यावं म्हणून त्याला निळा रंग दिला जायचा. डिझेल आणि रॉकेलच्या भावातला फरक कुणाच्या तरी खिशात जायचा. दुकानात रॉकेल नाही म्हणून परत फिरणारी बाई आणि आपला पंप इतक्या लवकर का झिजला हे न कळणारा पिकअपवाला, दोघांचं एकाच डबक्यात नुकसान होत होतं. 25 जानेवारी 2011 ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ या धंद्यावर हात टाकायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. राशीत हात घालणाऱ्या माणसाचं काय होऊ शकतं, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिलं.

इस्लामी शहरांत हे काम करणाऱ्याला मुहतसिब म्हणत. बाजाराची तपासणी त्याच्याकडे असे. बाराव्या शतकात शाम देशातल्या अल-शैजरी यांनी मुहतसिबांसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात एकेक धंदा घेऊन त्यात भेसळ कशी होते आणि ती कशी पकडायची, हे सांगितलं आहे. नुसती सचोटीची नसीहत देऊन ते थांबत नाहीत. कारण भेसळ ओळखायला चांगली नियत पुरत नाही, धंद्याची माहिती लागते. मोजमापात लबाडी करणाऱ्यांवर कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ ही अख्खी सूरा आहे. आपण ती तराजूवाल्याला लावतो. पण न उघडताच ‘पंप गेला’ म्हणणारा मिस्त्रीही मापातच मारतो. फक्त त्याचा तराजू ग्राहकाच्या अज्ञानाचा असतो.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 लागू झालं. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा 50 पीपीएमवरून 10 पीपीएमवर आली. नव्या पिकअपमध्ये कॉमन रेल असते, दाब हजार बारच्या वर जातो, आणि कित्येक गाड्यांत फिल्टरमध्ये पाणी साचलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. हवेसाठी हे चांगलंच आहे आणि जुन्याचं उगाच कौतुक मला करायचं नाही. पण या नव्या वाटेचे पाइप इंजिन चालू असताना हाताने ढिले करून पाहता येत नाहीत. तो दाब जिवावर बेतू शकतो. पुष्कळसं निदान आता स्कॅनरच्या पडद्यावर होतं, आणि शाळेबाहेर, उस्तादाशेजारी उभं राहून ही विद्या शिकलेल्या कितीतरी आपल्या पोरांसाठी तो पडदा अजून परका आहे. त्यांना तो वाचायला कोण शिकवणार, हा प्रश्न आपल्या वस्त्यांनी, जमातींनी, शाळांनी आताच घ्यायला हवा.

त्या दिवशी उस्तादांनी टाकीही तळापर्यंत रिकामी केली. टाकीच्या झाकणाचं रबर फाटलं होतं, पावसाचं पाणी तिथून उतरत होतं. म्हणजे या वेळी कुणी फसवलं नव्हतं, पाऊसच पडला होता. नवे फिल्टर बसवले. फिल्टरवरचा बारीक स्क्रू ढिला करून शागिर्द पोरगा प्रायमर दाबत राहिला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. स्क्रू आवळला. मग इंजेक्टरकडचे नट सैल करून सेल्फ मारला आणि तिथली हवा काढली. नट आवळल्यावर दोन-तीन वेळा खोकून इंजिन लागलं.

उस्तादांनी फिल्टरचे, रबराचे आणि मजुरीचे पैसे घेतले. पाण्याची बाटली मामूंच्या हातात दिली. मामूंनी ती धुऊन सीटमागे ठेवली आहे. पावसाळ्यात दर जुम्याला, नमाजला निघण्याआधी, ते फिल्टरचा बोल्ट ढिला करतात, बाटली भरतात आणि पाच मिनिटं थांबतात.