टिकटिक बरी, गप्प नको

कुर्ल्यात मामांच्या गॅरेजात मी पोऱ्या म्हणून लागलो तो 1973 साली. पहिले सहा महिने मला पान्याला हात लावू दिला नाही. काम एकच. बॉनेट उघडलं की मामांच्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर द्यायचा आणि तोंड मिटून उभं राहायचं. मामा त्याचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचे, मूठ कानापुढच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. टॅक्सीवाला घाईत असायचा, धंद्याची वेळ. मामा म्हणायचे, "थांबा हो, बोलू द्या की त्याला."

आमच्या धंद्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. पण तो लिहायला बसलो तर सुरुवात टॅपेटच्या या आवाजापासूनच करावी लागेल. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ या अमेरिकन गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्या गाड्यांचे वाल, म्हणजे झडपा, इंजिनाच्या डोक्यावर नसत, कुशीत असत. वरून जाड लोखंडी हेड, त्यामुळे टॅपेटची, म्हणजे वाल ढकलणाऱ्या भागांची, कुरकुर बाहेर फारशी ऐकूच यायची नाही. जुने मिस्त्री मात्र या इंजिनांना शिव्या द्यायचे. टॅपेट सेट करायचे ते इंजिन तापलेलं असताना, बाजूचं झाकण काढून, एक्झॉस्टच्या पाइपाखाली हात घालून. मामांच्या उजव्या मनगटावरचा डाग त्या काळातला.

1954 मध्ये फियाट 1100 आली. लोकांनी तिच्या गोल, फुगीर अंगाकडे बघून तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. इंजिन 1089 सीसी, चार सिलेंडर, आणि वाल डोक्यावर. खाली कॅमशाफ्ट, तिथून वर जाणारे पुशरॉड, त्यांच्यावर डुलणारे रॉकर, आणि या सगळ्यावर पत्र्याचं एक पातळ झाकण. रिकाम्या डब्यावर बोट आपटावं तसा प्रत्येक ठोका त्या झाकणातून बाहेर पडायचा. कलकत्त्याकडच्या अँबॅसिडरलाही 1959 मध्ये असंच, डोक्यावर वाल असलेलं इंजिन आलं. टिकटिक शहराच्या कानावर पडली ती या दोन गाड्यांमुळे. पुढे डिलाइट आली, पद्मिनी आली, नावं बदलत गेली, पेट्रोलचं इंजिन मात्र मुळात तेच राहिलं. नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षं मिळायची नाही, म्हणून जुनीच चालवायची आणि जुनी म्हटली की आवाज आलाच. आमची पोटं त्यावर भरली.

गिऱ्हाइकाला वाटायचं, आवाज म्हणजे बिघाड. मामांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती अशी की ज्या फटीमुळे हा आवाज येतो ती मुद्दाम ठेवलेली असते. रॉकर आणि वाल यांच्यात केसाएवढी जागा सोडतात, कारण तापल्यावर लोखंड वाढतं. जागाच ठेवली नाही तर वाल पुरता बसत नाही. एक्झॉस्टचा वाल आपली उष्णता सीटला देतो ती बसलेला असेल तेवढ्या वेळातच. अर्धवट उघडा राहिला की आगीचा झोत त्याच्या कडेवरून जातो आणि कड जळते. अँबॅसिडरला फट पंधराची, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. ती मोजायला पोलादी पात्यांचा फिलर. पातं फटीतून ओढताना हाताला किंचित अडलं पाहिजे, अडकता कामा नये.

मग आवाजाची ओळख. क्रँक दोन फेऱ्या घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक घेतो, म्हणून टॅपेटचा ठोका इंजिनाच्या निम्म्या गतीचा आणि हलका असतो. प्लगची वायर एकेक काढून बघायची. वायर काढल्यावर आवाज दबला, तर दुखणं खाली बेअरिंगमध्ये, खर्च मोठा. तसाच राहिला, तर वरचं काम. सकाळी गार असताना टिकटिक आणि तापल्यावर बंद, तर बऱ्याचदा एक्झॉस्टचं पॅकिंग फुटलेलं असतं, टॅपेट बिचारा निर्दोष. पेट्रोल पंपही अगदी टॅपेटसारखाच वाजतो. शेवटी खात्री करायची तर कव्हर काढून इंजिन चालू ठेवायचं आणि डुलणाऱ्या रॉकरखाली फिलर सरकवायचा. ज्याच्याखाली पातं गेल्यावर आवाज मेला, तो चोर.

सेट करताना नऊची बेरीज. आठ वाल ओळीने मोजायचे. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा, सातवा दाबला की दुसरा, सहावा की तिसरा. बेरीज नेहमी नऊ. एक आणि चार नंबरचे पिस्टन जोडीने वरखाली होतात, दोन आणि तीन जोडीने. एकाचा वाल उघडा असताना जोडीदाराचा तोच वाल निवांत बसलेला असतो, त्यावर हे गणित. मामा चौथीपर्यंत शिकलेले. यामागचं कारण त्यांना ठाऊक नव्हतं, बेरीज कधी चुकली नाही.

माझी चूक मात्र झाली. 1978 मध्ये एका डॉक्टरांची फियाट आली. चार नंबरचा एक्झॉस्ट वाजत होता. फिलर बरोबर सांगत होता, तरी आवाज जाईना. मी स्क्रू आणखी आवळला. इंजिन शिलाई मशीनसारखं गोड चालू लागलं, डॉक्टरांनी मला वर पाच रुपये दिले. तीन आठवड्यांत गाडी ढकलत परत आली. वालची कड जळून खांडोळी झाली होती. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडलेला, सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं आडवं बसत होतं, खरी फट त्याच्याआड. ती मला दिसलीच नव्हती. रॉकर बदलायचा सोडून मी आवाज दाबला होता. मामा एवढंच म्हणाले, "वाजणारा टॅपेट कुरकुऱ्या नवरा असतो रे. गप्प झाला की घाबरायचं."

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. तीन सिलेंडर, सहा वाल, कॅमशाफ्ट थेट हेडमध्ये, पुशरॉड नाहीतच. नऊची बेरीज तिथे लागू होईना. मामा त्या गाडीकडे फारसे वळले नाहीत. नंतर तेलाच्या दाबावर आपली फट आपणच भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट आले. अमेरिकेत कॅडिलॅकने ते 1930 मध्येच बसवले होते, आपल्या रस्त्यावर रुळायला नव्वदचं दशक उजाडलं. त्यांना ना स्क्रू, ना फिलर. टिकटिक झालीच तर आधी तेल बघायचं.

जुन्या गाड्यांची शेवटची परीक्षा पेट्रोलने घेतली. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्याचा पातळ थर वाल आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. 1 फेब्रुवारी 2000 पासून शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं. हवेच्या दृष्टीने ते योग्यच झालं. त्याच सुमारास मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. कोरडा गॅस, गादी नाही. सीट झिजू लागल्या, वाल हेडमध्ये खोल रुतू लागले. वाल रुतला की त्याचं टोक वर सरकतं आणि फट कमी होते. म्हणजे जितकी झीज, तितकी शांतता. टॅक्सीवाले येऊन सांगायचे, "दादा, आवाज तर काहीच नाही, फक्त चढावर ओढत नाही." मी कव्हर काढायचो. फिलरचं सगळ्यात पातळ पातंही आत जायचं नाही.

पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी ऑक्टोबर 2003 मधली. वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 ला ती रस्त्यावरून उतरली. माझं गॅरेज त्याआधीच बंद झालं होतं. फिलर अजून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे, पात्यांना तेल लावून ठेवतो.

तुमच्या दारात अजून एखादी पद्मिनी झाकून ठेवलेली असेल, तर टिकटिक ऐकून घाबरू नका. ती मुळीच ऐकू येत नसेल, तर मात्र याच रविवारी कव्हर काढून फट मोजून घ्या.