इंधन अंतःक्षेपण : यांत्रिक पद्धतीकडून इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाकडे

अंतर्ज्वलन-एंजिनास लागणारे इंधन दाबाखाली, मोजून व फवाऱ्याच्या रूपाने पुरविण्याच्या क्रियेस इंधन अंतःक्षेपण म्हणतात. यांत्रिक पद्धतीत ही मोजणी दट्ट्या, झडपा व स्प्रिंगा यांच्या हालचालींनी होते, तर इलेक्ट्रॉनीय पद्धतीत संवेदकांकडून येणाऱ्या संकेतांवरून इंधनाचे प्रमाण गणिताने ठरविले जाते. जुन्या मोटारगाडीतील पहिली यंत्रणा काढून तिच्या जागी दुसरी बसविता येते. मात्र या दोन पद्धतींचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही.

डीझेल एंजिनासाठी बॉश या जर्मन कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपाचे उत्पादन सुरू केले. पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत १९५४ मधील मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल ही गाडी प्रसिद्ध आहे. यानंतर थोड्याच काळात, १९५७–५८ मध्ये, अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही इलेक्ट्रॉनीय यंत्रणा क्रायस्लरच्या काही गाड्यांत आली. त्या काळचे इलेक्ट्रॉनीय घटक उष्णता व ओलावा यांपुढे टिकले नाहीत आणि बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. म्हणजे आरंभीचे रूपांतर उलट दिशेनेच झाले. बॉशने १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनीय पद्धती फोक्सवॅगन १६०० मध्ये यशस्वी केली खरी. पण १९७३ मध्ये त्याच कंपनीची ‘के-जेट्रॉनिक’ आली, ती मूलतः यांत्रिक होती. साधी आणि भरवशाची असल्यामुळे ती अनेक यूरोपीय गाड्यांत बसविली गेली. अंतःक्षेपण व प्रज्वलन यांचे एकत्र नियंत्रण करणारी ‘मोट्रॉनिक’ १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत आली.

के-जेट्रॉनिकमध्ये आत येणारी हवा एक तबकडी उचलते. तबकडीला जोडलेली तरफ इंधन-वितरकातील दट्ट्या वर ढकलते व त्या प्रमाणात इंधन प्रत्येक सिलिंडराच्या फवारणीकडे अखंड वाहते. येथे इंधनाचा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे पाचपट असतो. तबकडीला हवेची घनता मात्र पूर्णपणे कळत नाही. नागपुरातील इतवारीसारख्या घाऊक पेठेच्या दाटीत मे महिन्यात हवा ४५° से. ला पोहोचली, तर २०° से. च्या तुलनेने तिची घनता सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. तबकडीच्या रचनेमुळे इंधन त्या मानाने सुमारे ४ टक्के जास्त पडते. मूळ रचनेत ऑक्सिजन संवेदक नसेल, तर ही चूक दुरुस्त होत नाही. शिवाय तापलेले एंजिन थोडा वेळ बंद ठेवले आणि इंधनाचा दाब धरून ठेवणारी झडप गळत असेल, तर नळ्यांत बाष्प साचते व गाडी चटकन सुरू होत नाही.

रूपांतरात तबकडी व वितरक काढून विद्युत् चुंबकीय अंतःक्षेपक बसवितात. त्यांना सुमारे तीन वातावरणांचा दाब पुरतो, म्हणून दाब-नियामक बदलावा लागतो. भुजादंडावर दातेरी चाक बसवून त्याचा वेग व स्थिती मोजतात. चोषण नलिकेतील दाब, हवेचे व पाण्याचे तापमान आणि निष्कासातील ऑक्सिजन यांचे संवेदक जोडतात. नियंत्रक-पेटीतील सूक्ष्मप्रक्रियक वेग व भार यांच्या कोष्टकावरून अंतःक्षेपक किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरवितो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४·७ पट हवा लागते व निष्कासातील उत्प्रेरकी परिवर्तक याच प्रमाणाच्या अगदी जवळ काम करतो. खरे काम जोडणीचे नसून हे कोष्टक जुळविण्याचे असते, आणि तेथेच बहुतेक रूपांतरे फसतात. तरी मूळ वितरक व नियामक मिळेनासे झाल्यावर गाडी रस्त्यावर ठेवण्याचा दुसरा मार्ग सहसा उरत नाही.

भारतात बनलेल्या पेट्रोल मोटारींच्या वाट्याला यांत्रिक अंतःक्षेपणाचा टप्पा जवळजवळ आलाच नाही. शिसेविरहित पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून देशभर मिळू लागले, त्याच वर्षी उत्सर्जनाची नवी मर्यादा लागू झाली आणि मारुती ८०० सारख्या गाड्या कार्ब्युरेटर सोडून थेट इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपणावर गेल्या. डीझेलच्या क्षेत्रात याच्या उलट घडले. टाटा व डाइमलर-बेंझ यांच्या १९५४ च्या सहकार्यापासून जवळजवळ अर्धशतक मालमोटारी यांत्रिक पंपांवर चालल्या. इतवारीत धान्य-किराणा आणणाऱ्या मालमोटारीही त्यांतल्याच. पंप-दुरुस्ती हा त्यामुळे गावोगावचा स्वतंत्र धंदा झाला व कसबी कारागीर पंप परीक्षण-मंचावर चढवून प्रत्येक सिलिंडराचे इंधन समान करून देत. नासिकमध्ये बनणारी महिंद्र स्कॉर्पिओ २००२ मध्ये यांत्रिक पंपासह आली व काही वर्षांतच सामायिक-नलिका पद्धतीच्या उच्च दाबाच्या इलेक्ट्रॉनीय अंतःक्षेपणाकडे वळली. जुन्या डीझेल एंजिनात असा बदल करावयाचा, तर पंप, नळ्या व अंतःक्षेपक सर्वच बदलावे लागतात. म्हणून तो कारखान्यातच झाला, रस्त्याकडेच्या दुरुस्तीघरात नव्हे. त्या कारागिरांच्या हाती नव्या पेटीच्या वेळी परीक्षण-मंचाऐवजी निदान-यंत्र आले आणि पुष्कळांचे जुने कसब निरुपयोगी ठरले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. नैसर्गिक वायूवर गाडी चालविण्याच्या मान्यताप्राप्त संचांना सवलत आहे व अशा संचांची चाचणी पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत टप्पा ६ च्या मर्यादांमुळे नव्या दुचाकींतूनही कार्ब्युरेटर गेला.