तबकडीचें यंत्र: निवडीचा शतकभराचा इतिहास

सुखवस्तु घरांतून आज 'होम थिएटर' नांवाची व्यवस्था नांदूं लागली आहे. भिंतीवर रुंद पडदा. समोर मध्यभागीं एक, त्याच्या डावीउजवीकडे दोन व श्रोत्याच्या मागें दोन असे पांच ध्वनिक्षेपक. जड आवाजासाठीं सहावा वेगळा. हे सर्व चालविणारा अ‍ॅम्प्लिफायर. आणि ह्या साऱ्या परिवारास चित्र व आवाज पुरविणारें तबकडीचें यंत्र. हें यंत्र आकारानें लहान असतें. पडदा निवडतांना मनुष्य चार दिवस विचार करतो, आणि यंत्राची वेळ आली म्हणजे दुकानदार देईल तें घेऊन घरीं येतो.

श्रोतेहो, इतिहास पाहिला तर खरा धोका ह्याच लहान वस्तूंत असल्याचें दिसून येतें. पडदा बिघडला तर दुसरा आणतां येतो. यंत्र मात्र आपल्यामागून कपाटभर तबकड्या घरांत आणतें, आणि ती पद्धति बुडाली म्हणजे तें सारें कपाट मुकें होतें. म्हणून यंत्र निवडणें म्हणजे वस्तुतः संग्रह निवडणें होय. शंभर वर्षांत ही गोष्ट निदान पांच वेळां सिद्ध झाली आहे, ती कशी हें पाहूं.

एडिसननें १८७७ सालीं आवाज पकडला तो नळकांड्यावर. पुढें १८८७ सालीं एमिल बर्लिनर ह्यानें ग्रामोफोनाचें पेटंट घेतलें व त्यांतून सपाट तबकडी प्रचारांत आली. तबकडीच्या हव्या तितक्या प्रती साच्यानें छापतां येत, कपाटांत रचून ठेवतां येत. म्हणून नळकांडें मागें पडलें. अखेर खुद्द एडिसनच्या कंपनीनें १९१२ सालीं 'डायमंड डिस्क' ही आपली तबकडी काढली. ती हिऱ्याच्या टोकानें वाजे. परंतु इतरांच्या तबकड्यांत सुई डाव्याउजव्या बाजूंस हले, तर एडिसनच्या तबकडींत ती खालींवर हले. त्यामुळें व्हिक्टर कंपनीच्या यंत्रावर एडिसनची तबकडी, किंवा एडिसनच्या यंत्रावर व्हिक्टरची, वेगळ्या जोडसाधनावांचून वाजत नसे. आवाजांत एडिसनचें यंत्र सरस, असें पुष्कळ जाणत्यांचें मत होतें. पण कोणत्या गायकाचा आवाज घ्यावयाचा हें एडिसन स्वतःच्या आवडीनें ठरवी, आणि कारुसोसारखा ज्याच्यासाठीं लोक पैसे मोजीत तो गायक व्हिक्टरकडे होता. १९२९ सालीं एडिसनच्या कंपनीनें तबकड्यांचा धंदा बंद केला. उत्तम यंत्र हरलें, आणि हवी ती तबकडी ज्याच्यावर वाजे तें यंत्र टिकलें.

दुसरा प्रसंग गतीच्या भांडणाचा. १९४८ च्या जून महिन्यांत कोलंबिया कंपनीनें मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी 'लाँग प्ले' तबकडी आणली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम तीनचार मिनिटें मावत. हिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावूं लागलें. पुढल्याच वर्षीं आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें ४५ फेऱ्यांची, सात इंची व मोठ्या भोकाची तबकडी काढली. आतां गिऱ्हाइकानें काय करावें? निकाल लागला तो कोणाच्या जयानें नव्हे, तर तडजोडीनें. १९५० सालीं व्हिक्टरनेंहि लाँग प्ले तबकड्या काढल्या, आणि कारखानदारांनीं तिन्ही गतींचीं यंत्रें बाजारांत आणलीं. आपल्याकडे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० नंतरहि निघत होत्या. म्हणून ज्याच्या रेडिओग्रामला गति बदलण्याचा खटका होता, त्याच्या घरीं वडिलांच्या काळांतली तबकडी व मुलाची तबकडी एकाच यंत्रावर वाजली.

तबकडीवर चित्र आलें तें १९७८ सालीं. त्या वर्षाच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील अटलांटा शहरीं लेसर डिस्क विक्रीस आली. बारा इंची चकचकीत तबकडी, आणि तिला स्पर्श न करतां वाचणारा लेसर किरण, हें तिचें वैशिष्ट्य. आर. सी. ए. कंपनीनें १९८१ सालीं तिच्यासमोर दुसरी पद्धति उभी केली. तिची तबकडी सुईनेंच वाचली जाई, आणि यंत्र स्वस्त होतें. ह्या स्वस्त यंत्राचें उत्पादन कंपनीनें १९८४ सालींच थांबविलें. महाग लेसर डिस्क मात्र रसिकांच्या घरीं वीस वर्षें टिकली.

होम थिएटरच्या दृष्टीनें मोठी घटना १९९५ सालीं घडली. लेसर डिस्कवर डॉल्बी डिजिटल पद्धतीचा, म्हणजे सहा वेगवेगळ्या मार्गांनीं येणारा, आवाज आला. परंतु तो ऐकण्यास यंत्राच्या पाठीवर त्यासाठीं खास निर्गमद्वार असावें लागे, आणि तेथून निघणारी लहर उलगडणारें साधन अ‍ॅम्प्लिफायरमध्यें, किंवा वेगळ्या पेटींत, असावें लागे. दोहोंपैकीं एक नसेल तर तबकडींत सहा आवाज असूनहि घरांत दोनच ऐकूं येत. यंत्र कितीहि उंची असो, तें शेजारच्या पेटीशीं बोलूं शकलें पाहिजे, हा धडा येथें मिळाला.

ह्याच सुमारास नवी लहान तबकडी जन्मास येत होती. सोनी व फिलिप्स ह्यांनीं मिळून घडविलेली १२ सेंटिमीटर व्यासाची सीडी १९८२ सालीं बाजारांत आली होती. त्याच आकारांत चित्रपट बसवावा म्हणून सोनी-फिलिप्स एका बाजूस, आणि तोशिबा व तिचे मित्र दुसऱ्या बाजूस, असे दोन तट पडले. संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनीं दोन पद्धति मान्य करण्याचें नाकारलें. त्या दडपणाखालीं १९९५ सालीं दोन्ही तट एक झाले, आणि १९९६ च्या नोव्हेंबरांत जपानांत डीव्हीडी विक्रीस आली. आपल्याकडे त्या वेळीं व्हीसीडीचा प्रसार होत होता. तिच्यांत सुमारें ७४ मिनिटें मावत, म्हणून एका हिंदी चित्रपटास दोन किंवा तीन तबकड्या लागत. डीव्हीडीचीं आपल्याकडील यंत्रें बहुधा व्हीसीडी व सीडीहि वाजवीत. त्यामुळें कोणालाहि जुना संग्रह टाकावा लागला नाहीं. २००७ सालीं मोझर बेअर कंपनीनें २८ रुपयांस व्हीसीडी व ३४ रुपयांस डीव्हीडी विकण्यास आरंभ केला, तेव्हां मध्यम स्थितींतील घरांतहि चित्रपटांचा संग्रह होऊं लागला.

परंतु त्याच काळांतील एक अमेरिकन गोष्ट सावध करणारी आहे. १९९८ सालीं तेथील 'सर्किट सिटी' ह्या मोठ्या दुकानमालिकेनें 'डिव्हएक्स' नांवाची योजना काढली. सुमारें साडेचार डॉलर देऊन तबकडी घरीं न्यावी. पहिल्यानें लावल्यापासून ४८ तास ती पाहतां येई. पुढें पाहणें झाल्यास पुन्हां पैसे. हिशेब ठेवण्यास यंत्र टेलिफोनच्या तारेस जोडावें लागे. ही योजना १९९९ च्या जूनमध्यें गुंडाळण्यांत आली आणि २००१ च्या ३० जूनला हिशेबाची ती सोयहि बंद पडली. तबकडी घरांत, यंत्र घरांत, दोन्ही धडधाकट. तथापि चित्र दिसेना! परवानगी देणारा दूर बसला असेल, तर वस्तु हातीं असूनहि ती आपली नव्हे.

आतां अलीकडील युद्ध. २००६ सालीं तोशिबानें एचडी डीव्हीडी, आणि सोनीच्या तटानें ब्लू-रे, अशा दोन तबकड्या आणल्या. दोहोंचा किरण एकच, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळाजांभळा. परंतु एचडी डीव्हीडीच्या एका थरांत १५ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या थरांत २५ गिगाबाइट मजकूर मावे. तोशिबाचें पहिलें यंत्र अमेरिकेंत ४९९ डॉलरला मिळे, तर सॅमसंगचें पहिलें ब्लू-रे यंत्र सुमारें हजार डॉलरला. शिवाय तोशिबाच्या यंत्रास जाळ्याशीं जोडण्याची सोय आरंभापासून होती, ती पहिल्या ब्लू-रे यंत्रांत सक्तीची नव्हती. नुसतें यंत्र तोलून पाहणाऱ्यास तोशिबाच पसंत पडावी. पण २००८ च्या ४ जानेवारीस वॉर्नर ह्या चित्रसंस्थेनें आपले चित्रपट पुढें केवळ ब्लू-रेवर काढण्याचें जाहीर केलें, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबानें माघार घेतली. तोशिबाचें यंत्र घेणाऱ्यांस एवढेंच समाधान राहिलें कीं, त्यावर जुन्या डीव्हीडी वाजत राहिल्या.

जिंकलेल्या पक्षांतहि सर्वांचें भलें झालें असें नाहीं. ब्लू-रेवर मूळ ध्वनीचा कणहि न गमावणारा आवाज येऊं लागला. परंतु तो प्रकाशतंतूच्या जुन्या दोरींतून जात नाहीं. त्यास एचडीएमआय दोरी लागते, आणि यंत्र किंवा अ‍ॅम्प्लिफायर ह्यांपैकीं एकानें तरी तो उलगडला पाहिजे. ज्यांचे अ‍ॅम्प्लिफायर जुने होते, त्यांना आवाजासाठीं सहा तारा वेगळ्या बाहेर देणारें यंत्र शोधावें लागलें. १९९५ चाच धडा पुन्हां गिरवावा लागला.

२०१६ पासून अल्ट्रा एचडी ब्लू-रे मिळूं लागली. तिचें यंत्र साधी ब्लू-रे व डीव्हीडी चालवितें. परंतु व्हीसीडी चालेलच असें गृहीत धरूं नये, आणि एसएसीडीसारख्या संगीताच्या तबकड्या तर मोजक्याच यंत्रांवर वाजतात. दुसरीकडे, तारेवरून चित्रपट घरीं येऊं लागल्यानें हा व्यापार आटत आहे. ओप्पोनें २०१८ सालीं अशीं यंत्रें काढणें सोडलें, सॅमसंगनें २०१९ सालीं अमेरिकेसाठीं नवीं यंत्रें आणणें थांबविलें, आणि नेटफ्लिक्सनें २०२३ च्या सप्टेंबरांत टपालानें डीव्हीडी पाठविण्याची आपली पंचवीस वर्षांची प्रथा संपविली. म्हणून आज घेतलेलें यंत्र हें कदाचित् आपल्या घरचें शेवटचें यंत्र ठरेल, असें समजूनच तें घ्यावें.

तेव्हां दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरचें कपाट उघडून तबकड्यांची जातवार मोजदाद करावी. नंतर अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागील खोबणी पाहून कागदावर उतराव्या. पडदा चार हजारी जातीचा, म्हणजे ३८४० × २१६० ठिपक्यांचा, नसेल तर अल्ट्रा एचडीसाठीं जादा पैसे आज देणें हें केवळ पुढच्या पडद्याच्या आशेवर देणें होय. परदेशीं राहणाऱ्या मुलाबाळांकडून तबकड्या येत असतील, तर विभागाचा आंकडा विसरूं नये. डीव्हीडीसाठीं आपला विभाग ५ वा, अमेरिकेचा १ ला, युरोपचा २ रा. ब्लू-रेसाठीं आपला 'सी', अमेरिकेचा 'ए', युरोपचा 'बी'. अल्ट्रा एचडी तबकडीस असें बंधन नाहीं. आणि शेवटीं, घरांतली सर्वांत जुनी व सर्वांत प्रिय तबकडी बरोबर न्यावी, आणि दुकानांतच ती लावून पाहावी. जें यंत्र ती वाजवील, तें आपलें. जें वाजविणार नाहीं, तें कितीहि नामांकित असो, दुसऱ्याच्या घरासाठीं आहे.