पाइपमधली कोंडी

2004 मध्ये पायथन 2.4 सोबत दुसरे प्रोग्राम चालवणारे ‘सबप्रोसेस’ मॉड्यूल आले. विद्यार्थ्याला ते आज आयते मिळते, पण त्यामागचा पेच जुना आहे. प्रोग्राम एकमेकांना जोडण्याची डग मॅकिलरॉय यांची 1964 ची कल्पना केन थॉम्पसन यांनी 1973 मध्ये युनिक्सच्या पाइपमध्ये उतरवली. पाइपची क्षमता मर्यादित, लिनक्सवर सहसा 64 केबी. मूळ प्रोग्राम इनपुट लिहीतच राहिला आणि उपप्रोग्रामचे आउटपुट कोणी वाचलेच नाही, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत अडकून पडतात. ‘सबप्रोसेस’मधले ‘कम्युनिकेट’ फंक्शन लिहिणे-वाचणे एकत्र सांभाळून ही कोंडी टाळते. ते सगळे आउटपुट मेमरीत साठवते, हा आक्षेप खरा आहे. दीर्घ संवादाला ते चालत नाही. तरीही नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी.