उसाचा अर्धा हिशेब

दुष्काळी भागातल्या उसावर टीका झाली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. शेतकऱ्याला खात्रीने परवडेल असे पीक एकच, ते म्हणजे ऊस. सोयाबीन-तुरीत हात पोळलेल्या माणसाला शहरात बसून ‘ऊस सोडा’ म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय पाणी, आरोग्य, मजुरांचे हाल यांची किंमत पैशात मोजता येत नाही, आणि मोजलीच तर अन्न महागेल.

यातले शेतकऱ्याविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. शेतकऱ्याचा हिशेब चुकलेला नाही. चुकला आहे तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. परवडणे हा उसाचा अंगचा गुण नव्हे, ती कायद्याची करणी आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने १४ दिवसांत पैसे चुकते करायचे, उशीर झाला तर वर १५ टक्के व्याज द्यायचे. ते वेळेवर मिळत नाहीत म्हणून आंदोलने होतात हे खरे, पण भांडायला कायद्याचा आधार तरी असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, ठरली. हमीभाव तुरीलाही जाहीर होतो, पण त्या भावाने माल घेण्याचे बंधन व्यापाऱ्यावर नाही. एका पिकामागे कायदा उभा करायचा, दुसरे बाजारात उघडे सोडायचे आणि मग पहिलेच परवडते म्हणायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

आता पाणी. महाराष्ट्रात पिकांखालील क्षेत्राच्या जेमतेम ४ टक्क्यांवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, असे केंद्रीय कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जलसिंचन आयोगाने १९९९ मध्येच कमी पावसाच्या प्रदेशातील उसाला विरोध केला होता. तरीही कारखाने वाढत गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी न्यावे लागले. पाऊस हुकला हे खरेच, पण पाऊस हुकणारच असलेल्या प्रदेशात हाताशी पाणी किती उरते, हे पीकपद्धती ठरवते. त्या गाड्यांचा खर्च साखरेच्या कोणत्याच पोत्यावर चढला नाही.

माणसांचा हिशेब याहून कठोर आहे. बीडकडचे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची, फडाजवळ पालात राहायचे, पहाटेपासून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. पाळीच्या दुखण्याने बाई पालात राहिली तर खाडा धरतात आणि त्याचे पैसे उचलीत वळते होतात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांची माहिती गोळा केली. ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दवाखान्यांची नफेखोरी यात आहेच. पण आजारपणाची सुटी न परवडणारी व्यवस्था त्या नफेखोरीला गिऱ्हाईक पुरवते.

किंमत मोजता येत नाही, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. गर्भाशयाची किंमत कोणी ठरवू नये. पण शस्त्रक्रियेचे कर्ज, बुडालेली मजुरी, टँकरचा खर्च, शाळा सुटलेली मुले हे सारे मोजता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२३ मध्ये १५४ देशांच्या अन्नव्यवस्थांचे छुपे खर्च वर्षाला किमान १० लाख कोटी डॉलर इतके धरले. हा आकडा प्राथमिक आहे, असे ती संघटनाच सांगते. देशांच्या बेरजेतून फडावरची बाई दिसतही नाही. म्हणून मोजणे सोडायचे नसते, ते पीकवार आणि जिल्हावार करायचे असते. न मोजलेला खर्च धोरणात शून्य धरला जातो, हाच खरा धोका आहे.

राहिला महागाईचा धाक. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे, तेवढेच सरकारने घालायचे, अशी तरतूद झाली. १०.२५ टक्के उताऱ्याने एका टनातून सुमारे १०२ किलो साखर निघते. म्हणजे कारखान्याचा वाटा किलोमागे दहा पैशांहूनही कमी. तो दहापट केला तरी किलोला रुपया होत नाही. मजुरांच्या हालांचा खर्च नव्याने निर्माण होणार नाही, आजही तो भरला जातोच. फक्त भरणारी ऊसतोड करणारी बाई आहे, आणि ती साखरेचा दर ठरवत नाही.

म्हणून माझे म्हणणे ऊस उपटून टाका असे नाही. नव्या कारखान्याला किंवा गाळपवाढीला परवाना देण्याआधी त्या खोऱ्यातले पाणी आणि तोडणी मजुरांचे आरोग्य यांचा जाहीर ताळेबंद मांडला जावा. तूर, हरभरा, ज्वारी यांनाही उसासारखे कायद्याचे पाठबळ मिळावे. मग शेतकऱ्याला उपदेशाची गरज उरणार नाही. सगळा खर्च मांडल्यावर काय परवडते, ते तोच सर्वांत आधी ओळखेल.