शनवारवाड्याचें तांब्यावर कोरलेलें चित्र

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील चित्रकारांना जुन्या गांवांच्या अरुंद गल्ल्या व लांकडी घरें तांब्याच्या पत्र्यावर तेजाबानें खोदून छापण्याची मोठी हौस होती. घर पडलें तरी चित्र राहातें. पेशवाईंतील पुण्याच्या वांट्यास अशीं चित्रें थोडीं आलीं. त्यांपैकीं सुपरिचित म्हणजे लंडनच्या चार्ल्स टर्नरनें १८०७ सालीं तांब्यावर कोरून छापलेला शनवारवाड्यांतील दरबार. मूळ तैलचित्र टॉमस डॅनियलचें, १८०५ सालचें. तें लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. सवाई माधवराव, नाना फडणीस आणि इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट हे त्यांत प्रमुख. प्रसंग १७९० सालच्या टिपूविरुद्धच्या तहाचा, स्थळ गणेश-रंगमहाल.

हें चित्र आपण साक्षीदार मानतों. मग साक्षीदाराची उलटतपासणी नको काय? डॅनियल त्या दरबारीं हजर नव्हता. त्याच्यापुढें होतीं तीं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचीं रेखाटनें. आणि वेल्स पुण्यास आला १७९२ सालीं, म्हणजे तह होऊन दोन वर्षें लोटल्यावर! त्यानें पेशव्यांचीं व नानांचीं चित्रें स्वतः रंगविलीं. म्हणून चेहऱ्यांवर भरंवसा ठेवावा. परंतु कोण कोठें बसला, कोणाच्या शेजारीं कोण, ही मांडणी मागाहून जुळविलेली आहे. आणि दरबारांत तर बैठकीची जागा हीच खरी भाषा. शिवाय चित्र करवून घेतलें तें खुद्द मॅलेटनें. वेल्सची कन्या पुढें त्याची पत्नी झाली. अशा चित्रांत वकीलसाहेब ठळक दिसले तर नवल कसलें?

याच मंडळींबरोबर पुण्याचा गंगाराम तांबट काम करीत असे. मॅलेटसाठीं वेरूळचीं लेणीं रेखाटणारा तो हाच. मीं अनेक वर्षें इतिहास शिकविला, पण शाळेच्या एकाही पुस्तकांत त्याचें नांव मला आढळलें नाहीं.

१७९५ च्या आक्टोबरांत सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून वारले. त्याच वर्षीं वेल्स गेला. १८०० सालीं नाना गेले. टर्नरची छाप बाहेर पडली तेव्हां दुसरे बाजीराव गादीवर होते. पुढें १८१७ च्या ५ नोव्हेंबरास आमच्या खडकीस लढाई झाली, संगमावरील रेसिडेन्सी जळाली आणि १७ तारखेस वाड्यावर इंग्रजी निशाण चढलें. १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतील महाल भस्मसात झाले. तट, दरवाजे आणि जोतीं एवढींच उरलीं.

म्हणून, ज्या महालाविषयीं हें चित्र बोलतें, तो महाल आतां त्याला खोटें पाडूं शकत नाहीं. जोतीं मात्र थोडें बोलतात. वाडा पाहावयास जाल तेव्हां चित्राची एक प्रत बरोबर न्यावी, दिल्ली दरवाज्यानें आंत शिरावें, आणि चित्रांतला तो प्रशस्त दिवाणखाना कोणत्या जोत्यावर मावतो तें पावलांनीं मोजून पाहावें.