शुक्रवारच्या दिव्यांखाली

हायस्कुलात मी एकतीस वर्षे गणित शिकवले. आश्विन लागला, सहामाही जवळ आली, की पी.टी.च्या सरांकडून त्यांचे तास मागून घ्यायचे, हा माझा दरवर्षीचा नेम. चित्रकलेच्या तासाचीही तीच गत. पोरांचे चेहरे उतरत. "खेळून कुणाचं पोट भरलंय?" असे मी वर ऐकवत असे. आज जे सांगणार आहे, त्याआधी ही कबुली दिलेली बरी.

निवृत्त झाल्यावर मुलीकडे अमेरिकेत जाणे झाले. ओहायो राज्यातले एक लहानसे गाव. ऑक्टोबर महिना. झाडांची पाने पिवळी-तांबडी होऊन गळत होती आणि संध्याकाळ झाली की आपल्या पौषासारखी थंडी पडे. एका शुक्रवारी मुलगी मला नातीच्या हायस्कुलाच्या मैदानावर घेऊन गेली. फुटबॉलचा सामना होता. हा फुटबॉल त्यांचा, हातात घेऊन पळायचा, लांबट चेंडूचा. उंच खांबांवर झगझगीत दिवे लागले होते आणि बाकांवर जणू निम्मे गाव लोटले होते. माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ शेतकरी होते. त्यांची मुले शिकून केव्हाच बाहेरगावी गेली होती. "मग तुम्ही कसे आलात?" असे विचारले, तर त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. शुक्रवार आहे, मग आणखी कुठे जाणार?

नात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणार होती. त्याच आठवड्यात तिची एक मोठी परीक्षा होती, नाटकाच्या तालमी होत्या, आणि शनिवारी मराठी मंडळाची दिवाळी की बँडची स्पर्धा, यावर घरात बराच खल झाला होता. एवढे सगळे एकाच ऋतूत कसे आले? हे फार जुने असणार, असा माझा समज. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले, की यातले बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचे नाही.

शाळा उन्हाळ्यानंतर सुरू होते ती शेतीमुळे, असे तिथले लोकही सांगतात. पण एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या शाळा भरत हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. वसंतात पेरणी आणि शरदात कापणी, तेव्हा मुले शेतावर हवीत म्हणून शाळा बंद. उन्हाळ्याची लांब सुटी आणि त्यानंतर नवे वर्ष ही रीत प्रामुख्याने शहरांनी घातली. म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाने शरद हा शाळेचा ऋतूच नव्हता.

दुसरी गोष्ट हायस्कुलाची. बोस्टनची लॅटिन स्कूल १६३५ सालची, तर तिथलेच पहिले सार्वजनिक हायस्कूल १८२१ सालचे. तरी हायस्कुलात जाणारी मुले मोजकीच असत. गावाने कर भरून हायस्कूल का चालवावे, असा वाद मिशिगन राज्याच्या कालामाझू गावातून थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८७४ साली न्यायालयाने निकाल दिला, की असा कर कायदेशीर आहे. पुढे हायस्कुले वाढत गेली. १९१० च्या सुमारास अठरा वर्षांच्या शंभर मुलामुलींत जेमतेम नऊ जण हायस्कूल पूर्ण करत. १९४० पर्यंत हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

या तीस वर्षांतच शुक्रवारची ती संध्याकाळ घडत गेली. दुकानदाराची, कामगाराची, नुकत्याच परदेशातून आलेल्या कुटुंबाची मुले शाळेत आली. लॅटिन आणि भूमितीवर ती सगळी टिकणार कशी, हा मुख्याध्यापकांपुढचा प्रश्न होता. फुटबॉल मुळात महाविद्यालयांचा. त्यांचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला. हायस्कुलातल्या मुलांनी त्याची नक्कल केली. संघ त्यांचेच, वर्गणीही त्यांचीच. बोस्टनच्या वर सांगितलेल्या दोन शाळांमधला सामना १८८७ पासून चालत आला आहे. खेळ मात्र आडदांड. मुले दगावू लागली, तेव्हा १९०५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कान टोचले, आणि पुढच्या वर्षी नियम बदलले. मग हायस्कुलांनीही खेळ हळूहळू मुलांच्या हातून शिक्षकांच्या हाती घेतले.

खेळामागोमाग बाकीचेही आले. १९१० साली टेक्सासमध्ये हायस्कुलांसाठी वादविवाद स्पर्धांची एक संस्था निघाली. गंमत म्हणजे त्या राज्यातला शालेय फुटबॉल आज जी संस्था चालवते, तिचे मूळ या वादविवादात आहे. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिच्यामागे वाद्ये बनवणारे कारखानदार होते. धंदा त्यांचा झाला, पण गावोगावच्या मुलांच्या हाती सनई-शिंगांची विलायती भावंडे आली. १९२५ साली रिपन या लहानशा गावातून वक्तृत्वाची राष्ट्रीय संघटना सुरू झाली आणि १९२९ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटमध्ये नाटकवाल्या विद्यार्थ्यांची. थॉर्नटन वाइल्डरचे 'अवर टाउन' १९३८ साली आले आणि हायस्कुलांनी ते उचलून धरले. नेपथ्य जवळजवळ नाहीच. दोन टेबले, काही खुर्च्या आणि एक गाव. गॅदरिंगचे नाटक बसवणाऱ्या आपल्या शिक्षकांनाही हे गणित पटेल!

दिव्यांची कथा निराळी. रात्रीचा पहिला फुटबॉल सामना १८९२ च्या सप्टेंबरात पेनसिल्व्हेनियातल्या मॅन्सफिल्ड गावी झाला. उजेड इतका अपुरा, की निम्म्यावरच खेळ थांबवावा लागला. पुढे मैदानांवर चांगले दिवे आले आणि दिवसभर कामावर असलेल्या माणसालाही सामना पाहता येऊ लागला. ओहायोतच मॅसिलन नावाचे गाव आहे. शेजारच्या कँटनच्या हायस्कुलाशी त्याची चुरस १८९४ पासूनची. तिथे मुलगा जन्मला, की पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवत. शुक्रवारला तर संसदेचेही संरक्षण आहे. १९६१ च्या कायद्याने व्यावसायिक फुटबॉलला दूरचित्रवाणीवर एकत्र विकण्याची मुभा दिली. मात्र शरदातल्या शुक्रवारी संध्याकाळी हायस्कुलांच्या सामन्यांना धक्का लागेल असे प्रक्षेपण केले, तर ती मुभा नाही, अशी मेख पुढे मारून ठेवली.

इथवर वाचून मी हरखलो होतो. पण सगळे गाव मैदानावर जमते म्हणताना, सगळे म्हणजे कोण, हे विचारायला हवे होते.

टेक्सासमधली ती संस्था गोऱ्यांच्या हायस्कुलांची होती. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना तिच्यात जागा नव्हती. त्यांनी १९२० साली प्रेअरी व्ह्यू इथल्या आपल्या महाविद्यालयाच्या आधाराने वेगळी संघटना उभारली. खेळांबरोबर गायन, वक्तृत्व यांच्याही स्पर्धा भरवल्या. शुक्रवारी मैदान गोऱ्या मुलांचे. म्हणून यांचे सामने बुधवारी किंवा गुरुवारी, पुष्कळदा त्याच मैदानावर, त्याच दिव्यांखाली. व्यावसायिक फुटबॉल गाजवणारा जो ग्रीन अशाच एका शाळेतला. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निकाल १९५४ साली लागला, अंमल व्हायला वर्षे गेली. १९७० मध्ये ही वेगळी संघटना संपली. ती संपायलाच हवी होती. पण एकत्रीकरणात पुष्कळदा कृष्णवर्णीयांचीच शाळा बंद झाली, तिचे मुख्य प्रशिक्षक दुसरीकडे दुय्यम झाले, आणि कितीएक शाळांचे करंडक अडगळीत गेले. शुक्रवार मिळाला, पण स्वतःची शाळा गेली.

दुसऱ्या बाहेर राहिलेल्या म्हणजे मुली. १९७१-७२ साली अमेरिकेतल्या हायस्कुलांत खेळाडू मुलगे होते सुमारे ३६ लाख ६६ हजार, आणि मुली २ लाख ९४ हजार. बाकीच्यांनी बाकावरून टाळ्या वाजवायच्या. जून १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा कायदा झाला. त्याचे मुख्य वाक्य अवघ्या ३७ शब्दांचे, आणि त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. कायद्यासाठी झटणाऱ्यांत हवाईच्या प्रतिनिधी पॅट्सी मिंक होत्या. वैद्यकीय महाविद्यालयांनी नाकारल्यामुळे त्या कायद्याच्या शिक्षणाकडे वळल्या होत्या. अलीकडे खेळाडू मुलींची संख्या तीस लाखांच्या पुढे असते. आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुली कट्ट्यावर बसून भरतकाम करत. त्यांना मैदानावर का बोलवत नाही, हे मी एकतीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

आणि अभ्यास? तोही भांडणातून सुटला नाही. टेक्सासने १९८४ साली नियम केला, की वर्गात नापास होणाऱ्याला सहा आठवडे खेळता येणार नाही. १९८८ च्या हंगामात डलासच्या कार्टर हायस्कुलातल्या एका खेळाडूच्या बीजगणिताच्या गुणांवरून वाद पेटला. तो पास की नापास, यावर सगळ्या संघाचे भवितव्य. प्रकरण न्यायालयात गेले, संघ खेळत राहिला, राज्यात अजिंक्यही ठरला, आणि पुढे ते पद काढून घेण्यात आले. त्याच हंगामात ओडेसा गावी मुक्काम ठोकून एच. जी. बिसिंजर या पत्रकाराने 'फ्रायडे नाइट लाइट्स' लिहिले. गाव मुलांना डोक्यावर घेते आणि त्यांच्या अभ्यासाकडे काणाडोळा करते, हे त्यात स्पष्ट दिसते. ते वाचताना माझ्यातल्या गणिताच्या मास्तराला पहिल्यांदा बरे वाटले. म्हटले, बघा, मी म्हणत नव्हतो?

पण ते बरे वाटणे फार टिकले नाही. कारण मला ती शुक्रवारची रात्र आठवत होती.

मध्यंतर झाले. खेळाडू आत गेले आणि बँड मैदानावर आला. ऐंशीएक मुलेमुली वाजवत-वाजवत चालत होती. ओळींचे वर्तुळ झाले, वर्तुळाची चांदणी झाली, आणि कुणी कुणाला धडकले नाही. मी तोंडात बोट घालून पाहत राहिलो. घरी येताना गाडीत नातीला विचारले, "अगं, एवढ्या गर्दीत आपली जागा कळते कशी तुम्हाला?"

"सोप्पं आहे आजोबा," ती म्हणाली. "पाच यार्डांत आठ पावलं. प्रत्येकाचं पाऊल सारखंच असतं. मग फक्त मोजत राहायचं."

पाच यार्ड म्हणजे १८० इंच. भागिले आठ. साडेबावीस इंचांचे एक पाऊल. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि गप्प झालो. हेच गणित मी फळ्यावर घातले असते, तर वर्गातल्या निम्म्या पोरांनी जांभया दिल्या असत्या. इथे पोरे ते पायांनी सोडवत होती, थंडीत, गावासमोर, क्लॅरिनेट वाजवत.

ते मैदान निर्दोष नव्हे, हे आता मला ठाऊक आहे. त्याने कित्येकांना बाहेर ठेवले आणि आत यायला त्यांना कायदे आणि न्यायालये लागली. पण मैदान होते, म्हणून त्यावर हक्क तरी सांगता आला. माझ्या विद्यार्थ्यांचे मैदान मी दर आश्विनात आठवडाभर तास-तास करून काढून घेत होतो, आणि त्याबद्दल भांडायला त्यांना जागाच नव्हती.

माझे काही जुने विद्यार्थी आता शिक्षक आहेत. भेटले की सांगतात, "सर, सहामाही आली, पी.टी.चे तास मागून घेतो." हल्ली मी त्यांना विनवतो, "नका रे मागू. घ्यायचेच असतील, तर माझ्या विषयाचे घ्या, आणि पोरांना बाहेर न्या. मुलींनाही न्या."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)